हरभऱ्याच्या शेतातील दोन निशाचर : ससा आणि घाटेअळीचा पतंग

परिसर अभ्यासाच्या पाठात दोन प्राण्यांची तुलना करावयाची झाल्यास बहुधा गाय व म्हैस, कावळा व चिमणी, बेडूक व मासा अशा जोड्या निवडल्या जातात. या जोड्या सोप्या आहेत. तथापि त्यांत एक दोष असा की, उत्तरे विद्यार्थ्यांना आधीच पाठ असतात व निरीक्षणास काही वाव उरत नाही. याउलट एकमेकांपासून फार दूरचे, परंतु एकाच शेतात व एकाच वेळी वावरणारे दोन प्राणी घेतले, तर विद्यार्थ्यास पुस्तक मिटून शेताकडे पाहावे लागते. लोणार परिसरातील शाळांना अशी जोडी शोधण्यास दूर जावे लागत नाही. रब्बीत हरभरा फुलावर आला, म्हणजे रात्रीच्या वेळी त्या शेतात दोन पाहुणे हमखास येतात : एक ससा आणि दुसरा घाटेअळीचा पतंग.

एक पाठीचा कणा असलेला सस्तन प्राणी व दुसरा सहा पायांचा कीटक. यांची तुलना म्हणजे केवळ फरकांची यादी होईल, अशी शंका कोणासही येईल. ती यादी करणे हा या पाठाचा हेतू नाही. दोघांना तेच प्रश्न विचारावयाचे आहेत : दिवसा कोठे राहतोस? शत्रूची चाहूल कशी घेतोस? काय खातोस व कसे खातोस? तुझी पिले किती, आणि त्यांतील जगतात किती? प्रश्न एक व उत्तरे दोन, हे या पाठाचे सूत्र आहे. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर शेतकऱ्याचे पीक व सशाचा जीव अशा दोन्ही गोष्टी अवलंबून आहेत. म्हणून तो प्रश्न घाईने उरकू नये.

सशाची ओळख

आपल्या शिवारातील ससा हा भारतीय ससा होय. शास्त्रज्ञ त्यास लेपस नायग्रिकोलिस म्हणतात. हे नाव फ्रेडरिक क्युव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८२३ साली दिले. त्याचा अर्थ ‘काळ्या मानेचा ससा’ असा आहे. दक्षिण भारतातील सशाच्या मानेमागे काळा डाग असतो, तर उत्तरेकडील सशाच्या मानेवर तो नसून शेपटीची वरची बाजू तांबूस तपकिरी असते. या दोन उपजातींची सीमा परंपरेने गोदावरी नदी मानली जाते. लोणार हे गोदावरीच्या उत्तरेस, परंतु तिच्यापासून फार दूर नसल्यामुळे, दृष्टीस पडलेल्या सशाची मान व शेपटी कोणत्या रंगाची होती हा प्रश्न येथील विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा आहे.

अनेक तक्त्यांवर सशाच्या जागी पांढरा, लाल डोळ्यांचा, बिळात राहणारा प्राणी रंगविलेला असतो. तो आपला ससा नव्हे. तो युरोपातील बिळे करणाऱ्या सशाचा माणसाने पाळलेला वंशज होय. मराठीत दोघांसही ‘ससा’ म्हणत असल्याने हा घोटाळा होतो. पाळीव सशाची पिले जन्मतः उघडी व आंधळी असतात. आपल्या रानसशाची पिले अंगावर केस व उघडे डोळे घेऊन जन्मतात. रानससा बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाखाली अंगाच्या मापाचा उथळ खळगा करून त्यात तो दबून बसतो. दोघांच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्याही निराळी आहे : पाळीव सशात ४४, रानसशात ४८. शेतकऱ्याच्या मुलाने “ससा बिळात राहत नाही” असे म्हटले, तर तक्त्याकडे बोट दाखवून त्यास चूक ठरवू नये. या बाबतीत मूल बरोबर असून तक्ता चुकलेला आहे.

पतंगाची ओळख

दुसऱ्या प्राण्याची अडचण निराळी आहे. त्याच्या एका रूपास सारा गाव ओळखतो, दुसऱ्यास जवळजवळ कोणीच नाही. हरभऱ्यावरील घाटेअळी, कापसावरील हिरवी बोंडअळी, तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी आणि टोमॅटोचे फळ पोखरणारी अळी ही चार निरनिराळी नावे एकाच कीटकाची आहेत. त्याचे शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. पंख पसरले असता तो सुमारे साडेतीन ते चार सेंटिमीटर भरतो. रंग पिवळसर तपकिरी. पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद ठिपका व मागच्या फिकट पंखाच्या कडेस काळपट पट्टा असतो. रात्री ओसरीवरील दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पाखरांत तो पुष्कळदा असतो. तेच सकाळी पाहिलेल्या अळीचे जन्मदाते आहे, हे घरातील कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

त्याच्या आयुष्याचे चार टप्पे आहेत. मादी कोवळ्या पानांवर, कळ्यांवर व फुलांवर एकेक अंडे सुटे घालते. हवेच्या उष्णतेनुसार काही दिवसांत अळी बाहेर पडते. ती कात टाकीत वाढते आणि पूर्ण वाढल्यावर जमिनीत शिरून तपकिरी कोष होते. कोषातून पतंग निघतो. अनुकूल हवेत हे चक्र चार ते सहा आठवड्यांत पुरे होते. थंडीत ते लांबते.

दिवस लपण्याचा, रात्र वावरण्याची

आता पहिला प्रश्न. दिवसा दोघेही निश्चल राहतात आणि दोघांचाही रंग माती व वाळलेल्या पानांशी मिळून जातो. ससा इतका दबून बसतो की, माणसाचा पाय अंगावर पडण्याच्या बेतात येईपर्यंत तो हलत नाही. पतंग पानाआड पंख मिटून बसतो. दोघांचे अंग मऊ लवेने झाकलेले दिसते. परंतु सशाच्या अंगावर खरे केस आहेत, तर पतंगाच्या पंखांवर व अंगावर सूक्ष्म खवले आहेत. पतंग बोटांत धरल्यास जी भुकटी लागते ती धूळ नसून हे खवलेच होत. कोळ्याच्या जाळ्यास अंग चिकटले असता खवले जाळ्यावरच सुटून राहतात व पतंगास निसटण्याची संधी मिळते. दिसण्यात साम्य, घडणीत भेद असा हा पहिला धडा आहे.

दुसरा प्रश्न चाहुलीचा. सशाचे कान लांब व हलते असून कोल्हा, खोकड, रानमांजर किंवा कुत्रा यांच्या पावलांचा आवाज तो दोन्ही बाजूंनी टिपतो. डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांस असल्याने मान न वळवताही त्यास बहुतेक चहूकडचे दिसते. “पतंगाला कान असतात काय?” असे विचारल्यास वर्ग हसेल. परंतु या कुळातील पतंगांना कान असतात. ते डोक्यावर नसून छातीच्या मागील भागास, दोन्ही बाजूंस एकेक असतात. प्रत्येक कान म्हणजे एक नाजूक पडदा व त्यास जोडलेल्या ऐकण्याच्या अवघ्या दोन ज्ञानपेशी. अमेरिकेतील केनेथ रोडर या शास्त्रज्ञाने १९५० व १९६० च्या दशकांत या कानांचा बारकाईने अभ्यास केला. वटवाघूळ अंधारात शिकार शोधताना जे अतिउच्च ध्वनी काढते ते माणसास ऐकू येत नाहीत, पण पतंगास येतात. वटवाघूळ दूर असेल तर पतंग दिशा बदलून निघून जातो. अगदी जवळ आले तर वेडीवाकडी गिरकी घेऊन जमिनीकडे झेपावतो.

येथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे : कुत्रा पाठीस लागला असता ससा कसा पळतो? सरळ पळत नाही. क्षणात डावीकडे, क्षणात उजवीकडे वळतो. मराठीतील ‘ससेहोलपट’ हा शब्द याच धावपळीवरून आला आहे. पाठलाग करणाऱ्यास पुढची दिशा कळू न देण्याची युक्ती जमिनीवर सशाने व हवेत पतंगाने स्वतंत्रपणे साधली आहे. कानांचेही तसेच. काम एक, पण एकाचा कान दुसऱ्यापासून आलेला नाही. दोन प्राण्यांत समान अवयव दिसला की ते जवळचे नातलग असतील, असे मुलांना सहज वाटते. हा समज दूर करण्यास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

दिव्याविषयीही दोन शब्द सांगावेत. पतंग दिव्याच्या प्रेमाने जळतो ही कवींची कल्पना सुंदर आहे, पण शास्त्र निराळे सांगते. उडणारे अनेक कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतात. रात्री आकाश जमिनीपेक्षा थोडे उजळ असल्याने या सवयीने त्यांचे उड्डाण सरळ राहते. जवळ दिवा असला की पाठ दिव्याकडे वळते आणि ते त्याच्याभोवतीच फिरत राहतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अतिवेगवान छायाचित्रणाने हे दाखवून दिले. मोटारीच्या दिव्यात सापडलेला ससाही गोंधळून रस्त्यावरच थबकतो. माणसाचा उजेड दोन्ही निशाचरांना घातक ठरतो.

खाणे

तिसऱ्या प्रश्नासाठी शेतातील खुणा पाहाव्यात. सशाने खाल्लेला शेंडा कात्रीने छाटावा तसा तिरपा व स्वच्छ कापलेला असतो. सशाच्या वरच्या जबड्यात पुढे दोन मोठे पटाशीचे दात व त्यांच्या मागे दडलेले दोन लहान दात, असे चार असतात. उंदीर-घुशींना तेथे दोनच असतात. म्हणून ससा हा उंदराच्या वर्गातला नव्हे. त्याचे दात जन्मभर वाढतात व चघळण्याने झिजतात. पाल्यातील सत्त्व पुरतेपणी मिळावे म्हणून तो आपल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. शेतात पडलेल्या कोरड्या, गोल लेंड्या या दुसऱ्या प्रकारच्या असतात. हे ऐकून मुले नाक मुरडतील. अशा वेळी गाय रवंथ करते त्याच हेतूने ससा हे करतो असे समजावून द्यावे.

पतंग स्वतः काहीही कुरतडत नाही. त्यास लांब सोंड असून तो फुलांतील मध पितो. नुकसान करते ती अळी. तिचे जबडे बळकट असतात. ती घाट्यास गोल छिद्र पाडून डोके आत घालते व बाकीचे शरीर बाहेर ठेवून दाणा खाते. एक अळी आपल्या आयुष्यात साधारणतः तीस ते चाळीस घाटे निकामी करते. आई-बाप फुलावर व मूल पिकावर, अशी ही विभागणी आहे. सशाच्या बाबतीत पिलू मोठे होऊन आईचेच अन्न खाते. कीटकाच्या पूर्ण रूपांतराचा अर्थ या एका भेदात सामावलेला आहे.

संततीचा हिशेब

चौथा प्रश्न गणिताच्या तासाशी जोडावा. सशाची मादी सुमारे दीड महिना गर्भ वाढविते व एका वेळी एक ते चार, बहुधा एक वा दोन पिले देते. घाटेअळीच्या पतंगाची एक मादी आठ-पंधरा दिवसांच्या आयुष्यात पाचशे ते हजार, कधी त्याहूनही अधिक अंडी घालते. आता फळ्यावर मांडावे : समजा ५०० अंडी; सर्व जगली व निम्म्या माद्या झाल्या तर २५० माद्या; प्रत्येकीची पुन्हा ५०० अंडी, म्हणजे दुसऱ्या पिढीत १,२५,०००. असे प्रत्यक्षात घडत नाही, हे मुलांना ठाऊक आहे. मग उरलेले जातात कोठे?

जोडीमागे सरासरी दोन जगले की त्या जातीची संख्या तेवढीच राहते. म्हणजे पाचशेपैकी ४९८ मेले पाहिजेत. त्यांस मारणारे शेतातच असतात : साळुंकी, कोतवाल व बगळे, कोळी, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या कॅम्पोलेटिससारख्या बारीक माश्या, आणि अळ्यांना होणारा विषाणूजन्य रोग. हे मोफत काम करणारे मजूर होत. सरसकट जहाल औषध फवारले तर हेच आधी मरतात व मागे उरलेल्या अळ्यांना मोकळे रान मिळते. शिवाय प्रचंड संततीत एखादी अळी विषास दाद न देणारी निघते आणि पुढची पिढी तिचीच होते. १९८७ साली आंध्र प्रदेशातील कापसाच्या पट्ट्यात पायरेथ्रॉइड गटाची औषधे या किडीवर निष्फळ ठरली व शेतकऱ्यांची मोठी हानी झाली, ती यामुळेच. म्हणून कृषी विभाग हेक्टरी पाच कामगंध सापळे, पक्ष्यांना बसण्यास टी आकाराचे पक्षिथांबे, पाच टक्के निंबोळी अर्क व घाटेअळीचा विषाणू या उपायांवर भर देतो. ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन अळ्या दिसू लागल्यावरच औषधाचा विचार करावयाचा असतो. तेवढे मोजणे पाचवीच्या मुलास सहज जमते, आणि ते त्याने घरी सांगितले तर एखादी अनावश्यक फवारणी वाचू शकते.

सशाचा हिशेब उलट आहे. त्याच्या अंगी संख्येचे बळ नाही. तयार अंगाची थोडी पिले, हीच त्याची पुंजी. ती दोन-तीन वेळा लुटली गेली की त्या शिवारातून ससा दिसेनासा होतो. हरभऱ्याच्या सोंगणीत कधी कधी धुऱ्यालगत सशाचे पिलू सापडते. आई जवळ नसल्याने ते अनाथ आहे असे समजून मुले ते घरी आणतात, गाईचे दूध पाजतात आणि बहुधा दोन-चार दिवसांत ते मरते. वास्तविक ते अनाथ नसते. सशाची मादी आपल्या वासाने शत्रू पिलापर्यंत येऊ नये म्हणून दिवसभर दूर राहते व काळोख पडल्यावर येऊन पिलास पाजते. म्हणून पिलू जेथे असेल तेथेच राहू द्यावे. सोंगणीची पाळी तेथवर आलीच, तर त्यास लगतच्या धुऱ्यावरील गवतात हलवावे व कुत्री दूर ठेवावीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सशाची शिकार करणे व त्यास पकडणे हा गुन्हा आहे, हेही मोठ्या मुलांच्या कानावर घालावे.

पाठ घेण्याची रीत

या पाठास तीन तासिका व मधले दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या तासिकेत सकाळी शाळेजवळच्या शेतात, मालकाच्या संमतीने, मुलांना न्यावे. आंब अंगावर पडून पाय चुरचुरतात, म्हणून उन्हे वर आल्यावर जावे व बांधावरून चालावे. गवतात हात घालू देऊ नये. फवारणी झालेल्या शेतात मुलांना नेऊ नये. सशाची पावले मातीत शोधावीत. मागे एकापाठोपाठ दोन लहान ठसे व त्यांच्या पुढे शेजारी-शेजारी दोन मोठे, अशी ती उमटतात. मोठे ठसे मागच्या पायांचे असूनही पुढे का पडतात, हे मुलांनाच उड्या मारून शोधू द्यावे.

दुसऱ्या तासिकेत अळी पाळावी. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत चार बोटे ओलसर माती घालून त्यावर हरभऱ्याचे डहाळे ठेवावेत व तोंडास मलमलीचे फडके बांधावे. एका बरणीत एकच अळी ठेवावी, कारण या अळ्या एकमेकींस खातात. पाला रोज बदलावा. कोणत्या दिवशी कात टाकली, कोणत्या दिवशी मातीत शिरली, हे पाळीपाळीने मुलांनी वहीत लिहावे. पतंग निघाल्यास त्याचे निरीक्षण करून तो शेतात सोडू नये. शिक्षकांनी तो स्वतः नष्ट करावा. मात्र अळी सुकून जाऊन शेजारी लहानसा कोष दिसला व त्यातून बारीक माशी निघाली, तर ती शेतकऱ्याची मित्र आहे असे सांगून शेतात सोडावी. दोन्ही प्रसंग एकाच वर्गात घडले तर तो उत्तम योग समजावा.

लोणार सरोवराच्या काठच्या शाळांनी एक पथ्य पाळावे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, काळ्या अग्निजन्य खडकातील हे आघाती विवर अभयारण्य असून २०२० साली सरोवरास रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. विवराच्या उतारावरील झाडोऱ्यातही ससे व पतंग आहेत. पण तेथे केवळ पाहावे, तेथून काही उचलू नये. अळ्या शेतातूनच घ्याव्यात.

तिसऱ्या तासिकेत फळ्यावर दोन रकाने आखून मुलांच्याच शब्दांत पुढील मुद्दे भरून घ्यावेत : शरीराचा आधार – आत हाडे / बाहेर कवच, पाय – चार / सहा, अंगावरील आवरण – केस / खवले, कान – डोक्यावर / छातीवर, वाढ – पिलू मोठे होते / रूप बदलते, संतती – थोडी व तयार / पुष्कळ व निराधार, शेताशी नाते – थोडा पाला खाणारा / घाटा पोखरणारा. रकाने भरल्यावर त्यांखाली तिसरी ओळ लिहावी : ‘दोघांत सारखे काय?’ रात्री वावरणे, दिवसा लपणे, मातीचा रंग व नागमोडी पळणे ही उत्तरे मुलांकडूनच यावीत.

पाठ उतरला की नाही हे पाहण्यास पुढील प्रश्न उपयोगी पडतील. सशाचा व पतंगाचा कान एकच काम करतो, तरी ते नातलग का नाहीत? पाचशे अंडी घालूनही शेत पतंगांनी का भरून जात नाही? शेतातील सर्व कीटक मारणारे औषध अखेर घाटेअळीच्याच पथ्यावर कसे पडते? बांधावर एकटे दिसलेले सशाचे पिलू घरी का आणू नये? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. चौथ्याचे उत्तर सोंगणीच्या दिवसांत मुले शेतात काय करतात यावरून कळेल. म्हणून हा पाठ हरभरा घाट्यावर येताच सुरू करून सोंगणीपूर्वी पुरा करावा.